काकणं वाढवायची आहेत

भाद्रपद चार दिवसांवर आला की माझी बोटं अजून शिवशिवतात. धंदा सोडून तीन वर्षं झाली, बांगड्यांच्या माळा मुलाच्या दुकानात टांगल्या, पण बोटांना ते कोण सांगणार? गौरी म्हणजे हिरवी काकणं आणि हिरवी काकणं म्हणजे आपण, असा त्यांचा चाळीस वर्षांचा समज आहे. बसल्या बसल्या मी स्वतःचाच डावा हात धरतो, अंगठा तळव्यात दुमडतो आणि हळूहळू दाबत बसतो. सून बघते आणि हसू लपवायला आत जाते.

परवा असाच ओसरीवर बसलो होतो आणि टपालवाल्यानं सुप्याचं कार्ड टाकलं. मला आता बारीक अक्षर लागत नाही. सुशीला, माझी सून, दारात उभी राहून वाचू लागली. "शिरसाष्टांग नमस्कार. इकडे पाऊस बरा आहे. नदीचं पाणी थोडं उतरलं. पुढे..." आणि थांबली. पदराचा बोळा तोंडाशी गेला.

"काय गं?"

"मामंजी, वाईट आहे हो. गंगाबाईंच्या नातीचं. तिची काकणं वाढवायची आहेत म्हणून लिहिलंय. गौरीच्या आत या म्हणतायत. म्हणजे तिचा नवरा बिचारा अजून आहे, पण..."

मी हसलो. चांगला ठसका लागेपर्यंत हसलो. सुशीलानं कार्ड कोनाड्यात ठेवलं आणि म्हाताऱ्याचं शेवटी व्हायचं ते झालं, अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

तिचं काही चुकलं नाही. आमच्या खानापुरात, आणि बहुतेक सगळ्या मराठी मुलखात, बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही. फुटणं अशुभ, म्हणून ती वाढते. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. देवापुढे नारळसुद्धा वाढवतात. आणि अमकीची काकणं वाढवली असं कानावर आलं की ऐकणाऱ्यानं मटकन खाली बसावं, कारण त्या बाईचा नवरा गेलेला असतो. पण सुप्यात या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तो तिथं कसा झाला हे मी सुशीलाला सांगितलं, आणि सांगता सांगता ते सबंध वर्ष पुन्हा हाताशी आलं. म्हणून लिहून ठेवतो. मराठी सातवी पास झालेला कासार आमच्या वेळी मी एकटाच होतो, त्या सातवीचा एवढा तरी उपयोग व्हावा.

लोक तीन ऋतू मोजतात, शास्त्री सहा मोजतात. कासाराचे ऋतू चार. सुगी, लग्नसराई, मिरूग आणि गौरी. सुगीत बायकांच्या अंगात हौस असते, लग्नसराईत घाई असते, मृगाच्या तोंडावर चिखलात टिकतील अशी जाडजूड काकणं लागतात, आणि गौरीला फक्त हिरवी. या चारही ऋतूंत मी सुप्याला जायचो. खानापुराहून आगगाडीनं लोंढा, लोंढ्याहून बैलगाडी मिळाली तर गाडीनं, नाही तर जगलबेटच्या वाटेनं चालत. खांद्यावर काकणांच्या माळा, वर धोतराचं फडकं. जंगलात पाऊल वाकडं पडलं की माळ किणकिणायची आणि झाडावरची माकडं एकदम गप्प व्हायची.

सुपं दोन नद्यांच्या बेचक्यात बसलेलं. एकीकडून काळी येते, दुसरीकडून पांढरी. नावं अशी, पण पावसाळ्यात दोघी सारख्याच तांबड्या. एक छोटी पेठ, एक देऊळ, एक कचेरी, कौलांवर शेवाळ. एका घरात कोंकणी, शेजारी कानडी, पलीकडे आमची मराठी, आणि भांडण लागलं की तिन्ही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं इथं माल खपायचा नाही, माणसंच किती! पण त्या गावानं मला धरून ठेवलं. माळ उघडली की बायका चहूकडून यायच्या, आणि हात पुढे करण्याआधी चौकशी करायच्या: वाटेत हत्ती दिसला का, आईचा दमा कसा आहे, या खेपेला बायको का आणली नाही. काकणं नंतर.

मी माळ उघडायचो ती भिकू नावाड्याच्या पडवीत, कारण उतारावरून पहिलं घर तेच. भिकूदादाची नाव दोन्ही तीरांना जोडून होती आणि त्याची जीभ त्याच्या टाळूला. दिवसभर माणसं इकडची तिकडे करून तो एखादा शब्द बोलायचा. त्याच्या मुलाचं, सोमाचं, लग्न झालं आणि त्या वर्षीच्या सुगीला मी नवी सून पाहिली. गंगू.

सुगीतलं सुपं म्हणजे धुकं. सकाळी नदी दिसतच नाही, नुसता वल्ह्याचा आवाज येतो आणि मग धुक्यातून भिकूदादाचं मुंडासं निघतं. सगळीकडे कापलेल्या भाताचा वास, खळ्यावर मळणीचे बैल, आणि बायकांच्या हातांवर विळ्याचे ओरखडे. गंगूचे हात त्या पेठेत सगळ्यांत खरखरीत होते. कुळगीकडच्या रानातली पोर, कंद खणून खणून पंजे रुंद झालेले. मी तिचा हात धरला, अंगठा दुमडला, काकण चढवलं आणि ऐन पेरावर ते कडकन गेलं.

"अगो बाई, फुटलं!"

पडवीतल्या साऱ्या बायका चपापल्या. नव्या सुनेचं पहिलं काकण! मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, शिकवायची हौस दांडगी. म्हटलं, "फुटलं म्हणू नये पोरी. वाढलं म्हणावं."

तिनं दोन्ही तुकडे तळव्यावर घेतले. "येकाचं दोन झालं म्हणून वाढलं व्हय मामा?"

तिची सासूसुद्धा हसली. मी मात्र गंभीरपणे समजावलं की हे सौभाग्याचं आहे, वाईट शब्द ओठावर आणू नये, चांगला आणावा. गंगूनं मान डोलवली, आणि त्या दिवसापासून सबंध पेठेनं मला हैराण करायला घेतलं. मडकं पडलं की "मामा, मडकं वाढलं!" भिकूदादाची वल्ह्याची दोरी तुटली तर "मामंजींची दोरी वाढली." पुढच्या खेपेला गेलो तर वाण्याच्या दुकानातली नीलव्वा, तिची घरची बोली कानडी, तीसुद्धा मला बघून म्हणाली, "बा कासारा, माझा दात वाढला." मी रागावल्यासारखं केलं. खरं तर मला फार बरं वाटायचं. आपला एखादा शब्द परक्या गावात खेळायला लागला की कुणाला बरं वाटणार नाही?

लग्नसराईत नदी रोडावते. काळ्या खडकांच्या पाठी वर येतात, भिकूदादाची नाव पालथी पडते आणि माणसं धोतर गुडघ्याला खोचून चालत पलीकडे जातात. पात्रात वाळूवर भोपळ्याचे वेल, कडेला भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, साली वाळत घातलेल्या, आणि दूर डोंगरात वणव्याचा धूर. त्या उन्हाळ्यात सोमा घरी नव्हता. माघ सरता सरता तो कुळगीच्या बाजूला सागवान तोडायला गेला होता, कूपावर, म्हणजे सरकारनं तोडीला काढलेल्या जंगलाच्या पट्ट्यात. मजूर तिथं झोपड्या बांधून राहत आणि पावसाच्या आधी घरी येत. त्या वर्षी तिकडे ताप फार असल्याची बातमी होती. जंगलताप. गेलेला माणूस परत यायचा तर खाटेवरून यायचा, आणि न यायचा तर निरोप यायचा.

गंगू आली आणि हात पुढे करून बसली. "मामा, चार जास्त घाला."

"कुणाच्या लग्नाला जायचंय?"

"लग्नाला न्हाई. वाजूदेत नुस्ती. घर लई मुकं झालंय."

मी चार जास्त घातली. आमच्या घराची रीत आहे, भरणाऱ्या बाईला शेवटचं एक काकण आशीर्वादाचं द्यायचं. तिला मी त्या दिवशी दोन दिली. ती निघाली तेव्हा पाटापासून चुलीपर्यंत आवाज करत गेली, मुद्दाम हात हलवत. मला ते अजून ऐकू येतं.

मृगाच्या तोंडावर तिसरी खेप. आभाळ भरलेलं, हवा गच्च, कुंभ्याच्या झाडाखाली काजवे. बायकांना घाई, चिखलणी डोक्यावर. सोमा घरी आला होता, पण कसा? चारजणांनी उचलून आणलेला. पडवीच्या कोपऱ्यात घोंगडीखाली तो हुडहुडत होता. डोळे पिवळे, गालांच्या वाट्या झालेल्या. टपालकचेरीतनं तापावरच्या कोयनेलाच्या पुड्या आणून चालल्या होत्या, वर सासूचा काढा. मी त्याच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

त्या दिवशी गंगूच्या हातात काकणं चढेनात. सुगीत जी सहज जात होती तीच आता पेराला अडत होती. हात सुजल्यासारखे. मला वाटलं, जागरणानं, रडण्यानं. हात हातात घेतला की बाईचं सगळं कळतं, अशी मी फुशारकी मारत असे. कुठली नांदती, कुठली कुढती, कुणाच्या घरात भात कमी पडतोय, सगळं. आणि त्या दिवशी जे कळायला हवं होतं तेवढंच नेमकं मला कळलं नाही.

निघताना ती नावेपर्यंत आली. "मामा, गौरीला येशीला न्हवं?"

"येणार की."

"हिरवी आणा. चांगली बिलोरी. त्येंनी उठल्यावर बघाया पायजेत."

मी हो म्हटलं, पण सोमाचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. मग पावसानं वाट बंद केली. दोन अडीच महिने सुप्याकडून काही कळायचं नाही, ना माणसाचं ना कागदाचं.

श्रावणात मी लोंढ्याहून कॅसलरॉकच्या गाडीत बसलो होतो. कॅसलरॉकला रेल्वेतल्या बायकांची गौरीची काकणं भरायची, उरलेला माल घेऊन सुप्याला उतरायचं, असा बेत. पिशवीत वेगळ्या कापडात गंगूसाठी बांधलेला बिलोरी चुडा होता. गाडी हलली आणि फलाटावरून बसाप्पा गाडीवान धावत आला. जगलबेटच्या वाटेनं पावसाळ्यातही गाडी हाकणारा तो एकटाच. घरी कानडी, आणि मराठी बोलायचा ती रस्त्यावरच्या खड्ड्यांतून बैल काढावेत तशी.

"कासारा! सुप्याची गंगी!" इंजिनाच्या आवाजावर तो ओरडला. "तुला सांग म्हणाली! काकणं वाढवली म्हणून सांग!"

"काय?"

"काकणं! वाढवली!" आणि गाडी फलाटाबाहेर पडली.

त्या घाटात कितीतरी बोगदे आहेत. प्रत्येक बोगद्यात अंधार झाला की मी तोंड पुसून घेत होतो. मला सगळ्यांत लागलं ते हे, की एवढ्या दुःखातही पोरीनं मी शिकवलेला शब्द वापरला. फुटली म्हणाली नाही. वाढवली म्हणाली. मडक्यावरून, दोरीवरून, दातावरून केलेली सगळी थट्टा आता तिच्या मनगटावर येऊन पडली, आणि ती सुरू करून दिली मी.

कॅसलरॉकला मी तो बिलोरी चुडा एका सांधेवाल्याच्या बायकोच्या हातात भरला. तिला वाटलं कासार खुळा झाला, एवढा भारी चुडा असाच देतोय. सुप्याला माल न्यायचा नाही हे मी ठरवून टाकलं. ज्या पडवीत माळ उघडायची ती पडवी त्यांची, आणि त्या पडवीत गंगू उघड्या हातांनी बसलेली असणार. तिच्यासमोर बाकीच्यांच्या हातांत हिरवं भरायचं? उरलेल्या माळा लोंढ्याला ओळखीच्या घरी ठेवल्या आणि भाद्रपदाच्या दुसऱ्या दिवशी रिकाम्या खांद्यानं सुप्याच्या वाटेला लागलो. चाळीस वर्षांत मी आवाज न करता त्या रानातून गेलो तो एकदाच.

नदी तांबडी, फुगलेली, मधेच झाडांची खोडं वाहत होती. भिकूदादानं मला नावेत घेतलं. माझ्या खांद्याकडे एकदा बघितलं आणि वल्हं मारू लागला. मधल्या ओढीपर्यंत आलो तेव्हा मला राहवलं नाही.

"भिकूदादा, देवाची मर्जी."

"व्हय," तो म्हणाला. "त्येचीच किरपा."

काय हा माणूस, असं मला झालं. पोटचा मुलगा गेला आणि कृपा म्हणतो!

"गंगूनं फार सोसलं म्हणायचं."

"सोसल्याबिगर मिळतंय व्हय?"

मी डोळे पुसले. भिकूदादानं पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा आपणहून तिसरं वाक्य बोलला. "पान्याचं तुषार लई उडत्यात आज."

उतारावरून वर आलो. पडवीत एक माणूस पाय पसरून बसला होता आणि काटक्यांचा मासे धरायचा सापळा विणत होता. हडकुळा, पण बसलेला. बसलेला आणि तोंडात पान असलेला. सोमा.

मी जिथं होतो तिथं थांबलो.

"मामा, भूत बघितल्यागत काय उबं ऱ्हायलासा?" सोमा म्हणाला, आणि आत हाक दिली, "अगो, कासारमामा आलं!"

गंगू बाहेर आली. काकणं वाजवत. चेहरा भरलेला, पोट पुढे आलेलं, चाल जड. ती माझ्या पुढ्यात बसली आणि दोन्ही हात पुढे केले, तेच रुंद पंजे. "मामा, निरोप पोचला न्हवं? सातवा लागलाय. उद्या करायचं हाय. काकणं वाढवायची हायत. कुठं हाय माळ?"

सातव्या महिन्यात पोटुशी सुनेच्या हातात असलेल्या काकणांवर आणखी हिरवी चढवतात. वाढवतात. अगदी लहान पोरालाही कळेल असा सरळ शब्द. तिनं बसाप्पाला सांगितलं होतं, वाढवायची आहेत. बसाप्पानं इंजिनाच्या गोंगाटात वाढवायचीचं वाढवली केलं, आणि उरलेला खून मी माझ्या शहाणपणानं पुरा केला.

मी पडवीच्या पायरीवर बसलो आणि रडलो. मोठा माणूस रडतो तसं वाईट, नाक ओढत. मग सगळं सांगावं लागलं. सांगताना मान वर होईना. सासूनं देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. शेजारच्या बायका जमल्या होत्या. सोमानं हातातलं विणकाम खाली ठेवलं.

"म्हंजे मामा, माझं मरान तुमी म्हैनाभर डोक्यावर वागवलासा?"

"चुकलो रे बाबा."

"आन मान्साची खोटी बातमी उठली की त्येचं आयुष्य वाढतंय म्हंत्यात." तो थांबला, आणि त्या हडकुळ्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "मग माझंबी वाढलंच की!"

सगळी पडवी हसली. गंगू हसली नाही. ती माझ्या रिकाम्या खांद्याकडे बघत होती. "म्हंजे काकणं न्हाईत?"

न्हाईत. लोंढ्याला जाऊन यायचं तर त्या चिखलात तीन दिवस. सातव्याचं उद्या, आणि हिरव्या काकणांवाचून सातवं होत नाही. माझ्याकडे एकही नव्हतं, तिच्यासाठी नाही, पेठेतल्या कुणासाठीही नाही. शिव्या मी सोसल्या असत्या. पण ती डोळे पुसून म्हणाली, "असूदे मामा. पुढल्या खेपेला," आणि ते माझ्यानं सोसवलं नाही. पहिलटकरणीच्या सातव्याला पुढली खेप नसते.

तेव्हा नीलव्वा पुढे झाली. पेठेतली सगळ्यांत थोराड बाई, मनगटं जाड, काकणं हिरवी आणि झिजून पातळ झालेली. ती माझ्यासमोर बसली आणि हात माझ्या मांडीवर टाकला.

"हं, कासारा. नंदू ओंद तगो. माझं एक घे."

मी घाबरलो. "अक्का, भरल्या हातातलं काढतात व्हय?"

"काढ कुठं म्हणते मी? वाढव." तिनं गंगूकडे मान वळवली. "माझ्यातलं एक तिच्यात वाढव. शब्द तूच शिकवलास न्हवं?"

काकण चढवणं मला सात पिढ्यांनी शिकवलंय. भरल्या हातातलं काकण अखंड उतरवणं कुणी शिकवलं नव्हतं, कारण तशी वेळच कुणावर आली नव्हती. सासूनं रिठ्यांचा फेस करून दिला. मी नीलव्वाचा अंगठा आत घेतला, तळव्याची गादी दाबली, आणि काकण पेरापेरानं खाली आणलं. एक जरी तडकलं असतं तरी त्या घरात, त्या दिवशी, त्याला कुठल्याच शब्दानं झाकता आलं नसतं. कपाळाचा घाम डोळ्यात जात होता. ते आलं. अख्खं.

मग सगळ्याच बसल्या. रांगेत, जसं माझ्याकडून भरून घ्यायला बसत. देवळाच्या भटजींची मंडळी, मासे विकणारी बाय, कचेरीतल्या शिपायाची बायको, खालच्या वाडीच्या तिघी. त्या वर्षभरात मी भरलेला प्रत्येक हात पुन्हा माझ्या हातात आला. कुणाचा कुठं वाकतो, कुणाचं हाड उंच, कुणाला दुखतं पण सांगत नाही, मला सगळं पाठ होतं, आणि तेवढं एकदा तरी खरंच कामाला आलं. कुणाचं पोपटी, कुणाचं शेवाळी, कुणाचं बाटलीसारखं गडद. शेवटी गंगूच्या सासूनं हात पुढे केला. प्रत्येकीनं उठताना तेच म्हटलं, आपापल्या बोलीत, थट्टेनं सुरू करून शेवटी ओलं होऊन: माझं एक वाढलं. आणि एकही, आता काय म्हणू, एकही फुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ती गंगूच्या हातात भरली. मापं निरनिराळी, काही सैल, काही घट्ट. तिनं हात हलवून बघितले. "येकसारखी वाजत न्हाईत मामा."

"कशी वाजतील? सतरा घरची आहेत."

तिनं पुन्हा हात हलवले, कान देऊन. "ही नीलव्वा," ती म्हणाली, आणि मग जरा वेळानं, "ही आत्या." सासूला ती आत्या म्हणायची. सोमा कोपऱ्यात पुन्हा विणायला बसला होता, पण विणत नव्हता.

मार्गशीर्षात तिला मुलगी झाली. त्या सुगीला मी गेलो तेव्हा पेठेतल्या प्रत्येक बाईचा एकेक हात एका काकणानं उणा होता, आणि तो मी भरून दिला. पुढच्या वर्षी शिपायाच्या बायकोचं सातवं होतं. माझी माळ भरलेली होती, हिरवी हवी तेवढी होती. तरी बायका रांगेत बसल्या. "तुझी नंतर," नीलव्वा म्हणाली, "आधी आमची वाढव." तेव्हापासून सुप्यात सातव्याला तसंच होतं. विकतचं एकही काकण आधी चढत नाही. नीलव्वा गेली, भिकूदादा गेला, बसाप्पाही गेला. मी शेवटपर्यंत त्याला चिडवत होतो की तुझ्या मराठीनं मला एका श्रावणात पुरा म्हातारा केला. सोमा अजून आहे, हडकुळाच आहे, आणि आपलं वाढलेलं आयुष्य आपल्या गतीनं संपवतोय. काळी आणि पांढरी दर पावसाळ्यात तांबड्या होतात आणि पुन्हा आपापल्या नावाला येतात.

सुशीला हे सगळं ऐकत दारातच बसली होती. हातात तांदूळ निवडायचं सूप, पण निवडणं कधीच थांबलं होतं.

"म्हणजे ही नात, त्या सातव्यातल्या मुलीची मुलगी?"

"हो."

"आणि तुम्ही जाणार?"

मी माझे हात तिला दाखवले. ते थरथरतात. तीन वर्षांत मी काकणाला हात लावलेला नाही, आणि लोंढ्याच्या पुढची वाट आता माझ्या गुडघ्यांना झेपायची नाही. "कार्ड लिही," म्हटलं. "लिही की कासारमामानं आशीर्वाद सांगितलाय. दुकानातला चांगला चुडा बांधून पाठवू."

सुशीला उठली. आत गेली. रिठे भिजवल्याचा वास आला तेव्हा मला कळलं. ती वाटी घेऊन माझ्यासमोर बसली, डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि दुसरीकडे बघत राहिली. तिच्या आईनं तिला शिकवलं असणार, भरल्या हातातलं काढू नये.

"मामंजी, फुटलं तर?"

"फुटलं म्हणू नये," मी म्हणालो.

मी तिचा अंगठा तळव्यात दुमडला. बोटं थरथरत होती, पण गादी दाबली तशी ती थांबली, कुठलं हाड कुठं आहे ते त्यांना आपोआप आठवलं. काकण पेराशी आलं, अडलं, जरासं फिरलं आणि माझ्या हातात पडलं. अख्खं, ओलं, तिच्या अंगाच्या उबेचं.

सुशीलानं मनगट उजेडात धरून बघितलं. मग भाताच्या तुसाची डबी ओढली, काकण त्यात नीट रोवलं, आणि कार्ड लिहायला घेताना मला विचारलं नाही, आपल्या मनानंच पहिली ओळ मोठ्यानं म्हणत लिहिली.

"आमच्याकडचं एक वाढलं."